परभणी जिल्ह्यातील शस्त्र परवाने

परभणी जिल्ह्यातील शस्त्र परवाने शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार दिले, बदलले, निलंबित वा रद्द केले जातात. जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, हे परवाना प्राधिकारी आहेत. त्यांच्या आदेशाविरुद्ध छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. त्यापुढचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका दाखल करण्याचा आहे. मॅगझीनमध्ये जास्तीत जास्त किती गोळ्या असाव्यात, याची आकड्यातील मर्यादा भारतीय अधिनियमात नाही. शस्त्राचा प्रकार, शस्त्रांची संख्या आणि परवान्यावर नोंदलेली काडतुसे अशा तीन मार्गांनी कायदा हे नियंत्रण ठेवतो. यांतील बरेचसे अधिकाऱ्याच्या निर्णयावर सोपवलेले असल्याने लेखी कारणे व अपील यांच्या तरतुदींना विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश हिंदुस्थानात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. युरोपीयांना त्यातून सूट असल्याने हा कायदा राष्ट्रीय चळवळीच्या रोषाचा विषय ठरला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवली होती, परंतु ती स्वीकारली गेली नाही. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेली परवानगी आहे, या भूमिकेची मुळे येथे आहेत.

परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रत्यक्ष अमलात आला, तेव्हा परभणी महाराष्ट्रातील जिल्हा होती. त्याच दिवसापासून लागू झालेल्या शस्त्र नियम, १९६२ ची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली.

मॅगझीन आणि प्रतिबंधित शस्त्र

मॅगझीनची क्षमता हा विषय अनेक देशांत स्वतंत्रपणे हाताळला जातो. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझीनवर केंद्रीय बंदी होती; आता ही मर्यादा काही राज्यांच्या कायद्यांत आहे आणि तिला न्यायालयांत वारंवार आव्हान दिले जाते. कॅनडात सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफलींसाठी सर्वसाधारणपणे पाच, तर पिस्तुलांसाठी दहा गोळ्यांची मर्यादा आहे. क्राइस्टचर्च येथील मशिदींवरील हल्ल्यानंतर २०१९ मध्ये न्यूझीलंडनेही मोठ्या मॅगझीनवर निर्बंध आणले.

भारतीय अधिनियमाने हा मार्ग घेतलेला नाही. तरीही मॅगझीनचा उल्लेख त्यात नेमक्या जागी येतो. कलम २ मधील ‘प्रतिबंधित शस्त्र’ या संज्ञेत, घोड्यावर दाब दिल्यावर तो काढून घेईपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत सतत गोळ्या सुटतील अशा रचनेच्या शस्त्राचा समावेश आहे. मॅगझीन पाच गोळ्यांचे आहे की तीस, यावर काही ठरत नाही. एका दाबात ते आपोआप रिकामे होते का, हा निकष आहे. घोडा प्रत्येक वेळी नव्याने ओढावा लागणारे अर्धस्वयंचलित शस्त्र या व्याख्येत बसत नाही. मात्र अशा बहुतेक शस्त्रांना नियमांच्या पहिल्या अनुसूचीने, साधी पिस्तुले व अन्य काही प्रकार वगळता, पहिल्याच वर्गात ठेवले आहे. लष्करी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर काडतूस चालू शकेल अशा रायफली आणि लष्करी ९ मिलिमीटर काडतूस चालणारी पिस्तुले याच वर्गात मोडतात. बोलीत यांना ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे.

सामान्य परवानाधारकाकडे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल, .३१५ बोअरची रायफल किंवा बारा बोअरची बंदूक का आढळते, याचे उत्तर या वर्गवारीत आहे. हे बोअर लष्करी नसल्याने ते जिल्हा पातळीवरील परवान्यात बसतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत सहा गोळ्या राहतात आणि ईशापूरच्या .३१५ रायफलीला खटका मागेपुढे करून एकेक गोळी भरावी लागते. म्हणजे मर्यादेचा आकडा कायद्यात नसला तरी कोणती शस्त्रे उपलब्ध व्हावीत, या निवडीतून ती बऱ्याच अंशी आपोआप येते.

शस्त्राचे सुटे भाग अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेतच समाविष्ट आहेत. त्यामुळे शस्त्राचा सुटा भाग असलेले मॅगझीन परवान्याशिवाय जवळ ठेवल्यास केवळ ‘बंदूक नव्हती’ एवढा बचाव पुरेसा ठरत नाही.

प्रतिबंधित शस्त्राविषयीचा महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित खटला अभिनेता संजय दत्त यांचा आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणात एके-५६ रायफल व पिस्तूल बाळगल्याबद्दल त्यांना शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरवण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा पाच वर्षांची केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान सात ते कमाल चौदा वर्षे झाली आहे.

व्याख्येतील शब्दावरून नियामकाचा निर्णय कसा उलटू शकतो, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील आहे. बंदुकीच्या धक्क्याचा उपयोग करून वेगाने गोळ्या झाडणाऱ्या ‘बंप स्टॉक’ या जोडसाधनाला तेथील शस्त्र नियामक संस्थेने मशीनगन ठरवले होते. जून २०२४ मध्ये गारलँड विरुद्ध कारगिल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण कायद्याच्या शब्दांनुसार घोड्याच्या एका क्रियेत एकाहून अधिक गोळ्या सुटायला हव्या होत्या. भारतीय व्याख्या ‘क्रिया’ न म्हणता ‘दाब’ व ‘दाब काढून घेणे’ असे शब्द वापरते, त्यामुळे हा युक्तिवाद येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही.

शस्त्रे व काडतुसे यांची संख्या

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला कमाल तीन अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात एकाच शस्त्राची तरतूद होती. सदस्यांच्या आक्षेपानंतर आकडा दोन झाला. ज्यांच्याकडे तिसरे शस्त्र होते, त्यांना ते जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत मिळाली. वारसाहक्काने आलेले शस्त्रही या दोनच्या मर्यादेतच मोजले जाते. आजोबांची बारा बोअर कपाटात ठेवून वर स्वतःची दोन शस्त्रे बाळगण्याची सोय त्यामुळे संपली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. नेमबाजी खेळाडूंना नियमांत स्वतंत्र व अधिक सवलत आहे.

काडतुसांची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. एका वेळी जवळ ठेवता येणारी आणि वर्षभरात खरेदी करता येणारी काडतुसे असे तिचे दोन आकडे असतात. विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर करतो. या आकड्यांत बदल हवा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. परवान्यावरील मर्यादेपेक्षा अधिक काडतुसे सापडणे हा परवान्याच्या शर्तीचा भंग आहे आणि परवाना रद्द होण्याचे ते एक कारण होऊ शकते.

परवाना मिळण्याची पद्धत

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज आल्यावर जिल्हाधिकारी संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. पूर्वचारित्र्य, दाखल गुन्हे, जिवाला असलेला धोका आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय यांची चौकशी त्यासाठी होते. नियमांनुसार हा अहवाल तीस दिवसांत येणे अपेक्षित आहे. तो वेळेत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा कलम १३ परवाना प्राधिकाऱ्याला देते. ही मुभा आहे, बंधन नाही. प्रलंबित अर्जांच्या बाबतीत हा भेद अर्जदाराच्या विरोधात जातो.

परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात कलम १३ मधील आणखी एका तरतुदीला महत्त्व आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत कायदा तुलनेने उदार आहे. जिवाला धोका सिद्ध करून पिस्तूल मागणाऱ्याला ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. पीकरक्षणाच्या किंवा किमान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीच्या अर्जाबाबत कायद्याची भाषाच परवाना ‘द्यावा’ अशी आहे, अर्थात नकाराची अन्य कारणे नसल्यास. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे प्राधिकाऱ्याला पटल्यास तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे रोही किंवा रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती न घेता केलेली शिकार हा गुन्हा ठरतो.

अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते. मराठवाड्यात जमीनदार व बडे बागायतदार यांच्याच घरी बंदूक असते, या समजुतीला कायद्यात आधार नाही.

निलंबन व रद्द करणे

कलम १७ नुसार परवानाधारक कायद्याने अपात्र असल्यास किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य ठरल्यास, सार्वजनिक शांतता वा सुरक्षेसाठी आवश्यक वाटल्यास, माहिती दडवून परवाना घेतला असल्यास, शर्तीचा भंग झाल्यास किंवा परवाना हजर करण्याच्या नोटिशीचे पालन न झाल्यास परवाना निलंबित वा रद्द करता येतो. यांतील ‘सार्वजनिक शांतता व सुरक्षा’ हे कारण सर्वांत व्यापक आहे आणि बहुतेक वाद त्यावरूनच उद्भवतात. परवानाधारकावर एखादा गुन्हा दाखल आहे, एवढ्यावरून सार्वजनिक शांततेला धोका सिद्ध होत नाही, असे विविध उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. गुन्ह्याचे स्वरूप, त्यात शस्त्राचा वापर आणि परवानाधारकाचे वर्तन यांचा विचार आदेशात दिसला पाहिजे.

आदेश देताना कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. परवानाधारकाने मागणी केल्यास त्या कारणांचे संक्षिप्त निवेदन त्याला द्यावे लागते. सार्वजनिक हिताला बाधा येईल असे वाटल्यासच ते नाकारता येते. परवाना रद्द झाल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. अपील करायचे आहे म्हणून ते घरी ठेवणे धोक्याचे असते, कारण त्या क्षणापासून ते विनापरवाना शस्त्र ठरते आणि कलम २५ लागू होते. २०१९ नंतर विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे. लग्नात वा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

अपील

परवाना नाकारणे, त्याच्या शर्ती बदलणे, निलंबन व रद्द करणे या आदेशांविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. मुदत तीस दिवसांची असून पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. अपिलासोबत शुल्क आणि, मिळाले असल्यास, कारणांचे निवेदन जोडावे लागते. कारणे मागून घेणे ही म्हणूनच पहिली पायरी मानली जाते; ती हातात नसताना केलेले अपील बहुधा अंदाजावर चालते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्त, तर पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासन हे अपील प्राधिकारी आहे. पुणे किंवा नागपूर शहरातील परवान्याचा वाद त्यामुळे मंत्रालयात गृह खात्याकडे जातो, तर परभणी, जिंतूर वा गंगाखेड येथील परवानाधारकाला छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. अपील प्राधिकाऱ्याने अपीलकर्त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, अशी तरतूद आहे. अपील दाखल केल्याने मूळ आदेश आपोआप थांबत नाही. तशी स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती सशर्त वा बिनशर्त मिळू शकते. अपिलातील निर्णय अंतिम मानला जातो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. शासनाने स्वतः दिलेल्या किंवा शासनाच्या निर्देशावरून दिलेल्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपील होत नाही. प्रतिबंधित बोअरचा अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाने फेटाळला, तर अर्जदाराला थेट उच्च न्यायालयात जावे लागते.

उच्च न्यायालयातील आव्हान

परभणी जिल्हा औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ व २२७ खालील याचिकेत न्यायालय शस्त्राची गरज नव्याने मोजत नाही. सुनावणी दिली का, आदेशात कारणे आहेत का, अप्रस्तुत बाबी विचारात घेतल्या का आणि कायद्यातील कारणाशी वस्तुस्थिती जुळते का, हे तपासले जाते. त्रुटी आढळल्यास न्यायालय बहुतेकदा परवाना स्वतः देत नाही. आदेश रद्द करून प्रकरण फेरनिर्णयासाठी अधिकाऱ्याकडे पाठवले जाते. वर्षभर लढून पुन्हा त्याच टेबलावर परतण्याचा अनुभव याचिकाकर्त्यांना येतो तो यामुळे.

मोहिंदरसिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैधानिक आदेशाची वैधता त्यात नमूद कारणांवरूनच तपासली जाईल. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. हा निकाल निवडणुकीच्या वादातील असला तरी परवाना प्रकरणांत त्याचा आधार घेता येतो. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल असल्याने’ एवढ्या एका ओळीवर टिकलेला आदेश या कसोटीला सहसा उतरत नाही.

अधिनियमातील तरतुदींनाही आव्हान दिले गेले आहे. प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास केवळ फाशीचीच सक्ती करणारे कलम २७(३) सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवले. शिक्षेचे प्रमाण ठरवण्याची मोकळीक न्यायाधीशाकडून काढून घेता येणार नाही, असे त्यामागील तत्त्व होते.

निवडणूक काळातील शस्त्रे जमा करणे

आचारसंहिता लागू होताच परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याच्या सूचना दिल्या जातात. सरसकट सर्वांकडून शस्त्रे जमा करून घेण्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि त्यानंतर छाननी समितीची पद्धत रूढ झाली. जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या या समितीने प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार करणे अपेक्षित असते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले आणि पूर्वी दंगलीत गुंतलेले परवानाधारक यांच्याकडे प्रथम लक्ष दिले जाते. बँकांचे सुरक्षारक्षक व स्पर्धेत उतरणारे नेमबाज यांना सामान्यतः सूट मिळते. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारीही असल्याने परवाना देणारा, तो तपासणारा आणि शस्त्र जमा करून घेणारा अधिकारी या काळात एकच असतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील घडामोडी

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची संख्या हा राज्यव्यापी चर्चेचा विषय बनला. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी बीडमध्ये १,२२२ परवाने असताना परभणीत केवळ ३२ असल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेनुसार बीडची लोकसंख्या २५,८५,०४९ आणि परभणीची १८,३६,०८६ होती. म्हणजे लोकसंख्या सुमारे दीडपटही नाही, पण या आकड्यांनुसार परवाने अडतीस पट होते. दोन्ही जिल्ह्यांत कायदा एकच, नियम तेच आणि अपील प्राधिकारीही एकच असल्याने हा फरक कायद्याच्या शब्दांतून निघत नाही. ‘सबळ कारण’ या शब्दांचा वेगवेगळ्या कार्यालयांनी वेगवेगळ्या काळी काय अर्थ लावला, तेथे तो शोधावा लागतो.

बीड प्रशासनाने त्यानंतर परवान्यांचा फेरआढावा घेऊन २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शंभराहून अधिक परवाने रद्द केले. अशा मोठ्या प्रमाणावरील कारवाईतही प्रत्येक परवानाधारकाबाबत स्वतंत्र कारण नोंदवण्याचे कलम १७ मधील बंधन कायम राहते, आणि त्या कारणांविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे तीस दिवसांत दाद मागता येते.